कचेरी सुटल्यावर पाली

बिलोली तालुक्यातल्या कोणत्याही गावच्या विहारात पौर्णिमेच्या सायंकाळी जाऊन बसावे. शाळेची पायरी कधी न चढलेल्या, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपून आलेल्या आमच्या मायमावल्या पांढरे पातळ नेसून रांगेत बसतात आणि वंदना सुरू झाली की एक अक्षर इकडचे तिकडे होऊ देत नाहीत. ती भाषा पाली. बारशाला पाली, लग्नाला पाली, मयताला पाली. घरोघर रोज तोंडात असते आणि घरात कोणालाच येत नाही, अशी ही आपली एकुलती एक भाषा आहे.

'येत नाही' म्हटले की काही बांधवांना राग येतो. पुस्तिकेत खाली मराठी अर्थ छापलेला असतो, तो आम्ही वाचतो, असे ते म्हणतात. बरोबर आहे. पण तो अर्थ सबंध ओळीचा असतो. त्यातला कोणता शब्द कोणते काम करतो, हे त्या अर्थावरून कळत नाही. मागे एका अंगणवाडीताईंनी विहारात विचारले, "भाऊ, ही वेरमणी कोण? कोण्या बाईचं नाव हाय का?" मंडळी हसली. आम्हाला मात्र त्या प्रश्नात हसण्यासारखे काही दिसले नाही, कारण बाईंचा कान पक्का होता. 'वेरमणी' हा शब्द स्त्रीलिंगीच आहे! त्याचा अर्थ विरती, दूर राहणे. कशापासून दूर राहणे, ते त्याच्या आधीच्या शब्दात असते. 'पाणातिपाता' म्हणजे जीव घेण्यापासून. शेवटचा 'आ' हा पंचमीचा प्रत्यय, आपल्या मराठीतल्या 'हून'सारखा. 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचा पाठ, शिस्तीचा नियम. आणि 'समादियामि' म्हणजे मी स्वतःवर घेतो.

या शेवटच्या 'मि' कडे नीट पाहावे. तो एकवचनी आहे. अनेकांनी मिळून घेतले असते तर 'समादियाम' झाले असते. म्हणजे मैदानावर लाखभर माणसे जमली तरी त्यातला प्रत्येकजण 'मी' असेच म्हणत असतो. बाप पोराच्या वतीने घेत नाही, नवरा बायकोच्या वतीने घेत नाही, भन्तेजीही आपल्या वतीने घेत नाहीत. ते शब्द सांगतात, घेणारा ज्याचा तो. वरून आलेली आज्ञाही ही नव्हे. विद्यार्थ्याने आपण होऊन घेतलेला हा पाठ आहे. एवढा मोठा अर्थ एका अक्षरात बसलेला आहे, आणि आम्ही तो वीस-पंचवीस वर्षे पाठ म्हणत होतो.

या गोष्टीची चुटपुट लागली म्हणून बिलोलीत आम्ही काही जण कचेरी सुटल्यावर पाली शिकायला बसू लागलो. आम्ही स्वतः कारकून, शिक्षण बी. कॉम. बाकीच्यांत एक एस. टी. चे वाहक, दोन अंगणवाडीताई, एक गवंडी, एक निवृत्त शिपाई आणि एक किराणा दुकानात हिशोब लिहिणारे. कोणाचेही वय पस्तिशीच्या आत नाही. गावात बातमी पसरली तशी चेष्टा सुरू झाली. "ह्या वयात काय शिकायलात भाऊ? आता काय कलेक्टर होणार हाव का?" हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर सविस्तर देऊन टाकलेले बरे.

कचेरीतल्या माणसांनी उघडलेले दार

जुन्या भाषा या पंडितांचे काम, नोकरदाराचे नव्हे, असा आपला समज असतो. पालीच्या बाबतीत तो अगदीच खोटा आहे. आधुनिक जगाला पालीची आणि अशोकाची ओळख करून देण्यात ज्यांचा हात लागला, त्यांतले बरेचसे कचेरीत बसणारे लोक होते.

जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टाकसाळीत धातूची पारख करणारा अधिकारी. अशोकाचे शिलालेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, ती लिपी त्या काळी कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली प्रिन्सेपला तिचे कोडे सुटले. कसे सुटले, हे मात्र आपल्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर लहान लहान लेख कोरलेले आहेत. त्यांचे ठसे पाहताना त्याच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि एक टिंब येते. हे देणगीदारांचे लेख असले पाहिजेत, असे त्याने ताडले, आणि ती अक्षरे निघाली 'दानं'. तिथून एकेक अक्षर सुटत गेले. म्हणजे कुलूप एखाद्या सम्राटाच्या मोठ्या आज्ञापत्राने उघडले नाही. 'अमक्याचे दान' एवढेच लिहून गेलेल्या साध्या उपासक-उपासिकांच्या ओळींनी ते उघडले. त्या देणगीदारांत विदिशेचे हस्तिदंताचे काम करणारे कारागीर आहेत, गृहस्थ आहेत, भिक्खुणी आहेत.

त्याच १८३७ साली श्रीलंकेत जॉर्ज टर्नर या सरकारी नोकराने 'महावंस' या पाली ग्रंथाचे भाषांतर छापले. शिलालेखांतला 'देवानंपिय पियदसि' म्हणजे अशोक, हे जुळवायला या सिंहली परंपरेचाच आधार मिळाला. पुढे चिल्डर्स हा आणखी एक सरकारी नोकर. प्रकृती बिघडली म्हणून तो श्रीलंकेची नोकरी सोडून मायदेशी गेला आणि १८७२ ते १८७५ मध्ये पाली-इंग्रजी कोश काढून बसला. ऱ्हीस डेव्हिड्सची गोष्ट तर आमच्यासारख्या कारकुनाला फारच जवळची वाटते. तो श्रीलंकेत न्यायदानाच्या कामावर होता. त्याच्यासमोर एका खटल्यात पाली भाषेतला कागद आला आणि तो वाचणारे कचेरीत कोणीच निघाले नाही, असे सांगतात. साहेबाने मग एका वृद्ध भिक्खूंकडे जाऊन ती भाषा शिकायला सुरुवात केली. नोकरी पुढे गेली, पाली राहिली. १८८१ साली त्याने लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी काढली. तिने छापलेल्या ग्रंथांवर आजही जगभर अभ्यास चालतो.

कागद समोर आहे आणि वाचता येत नाही, ही अडचण मराठवाड्याला नवी नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळचे कागद उर्दूत, काही मोडीत. जमिनीचा वाद असो की जातीच्या दाखल्याचा पुरावा, घरात आजोबाच्या नावाचा कागद असतो आणि तो वाचून घ्यायला नातवाला दारोदार फिरावे लागते. २०२३ साली मराठवाड्यात निजामकालीन नोंदी शोधण्याचे काम निघाले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. जुनी लिपी, जुनी भाषा ही हौसेची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या तहसीलच्या दफ्तरखान्यात जाऊन पाहावे.

निजामाच्या राज्याचा विषय निघालाच आहे तर मस्कीचेही सांगितले पाहिजे. अशोकाच्या लेखांत बहुतेक ठिकाणी 'देवानंपिय' असेच येते, 'अशोक' हे नाव नसते. हा पियदसि म्हणजेच अशोक, याचा दगडावरचा पुरावा १९१५ साली मिळाला, तो रायचूर जिल्ह्यातल्या मस्की गावी. शोधणारा बीडन हा खाणीकडचा इंजिनिअर. मस्की आज कर्नाटकात आहे, पण तेव्हा आपल्या बिलोलीप्रमाणेच हैदराबाद संस्थानात होते.

आपल्या जवळच्या लेण्यांतही हेच आहे. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्याचे नाव आहे. तो कण्हदास नावाचा सोनार. तिथल्याच एका खांबावर पैठणच्या गंधिकाचे, म्हणजे अत्तर-सुगंधाचा धंदा करणाऱ्याचे दान नोंदलेले आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. या लेखांची भाषा तंतोतंत पाली नाही, ती प्राकृत आहे, पालीची सख्खी बहीण. पण पाली थोडी आली आणि ब्राह्मीची बाराखडी गिरवली की यातले बरेच शब्द आपले आपण लागतात. सहलीला गेलेली आपली पोरे लेण्यांत मूर्तीसमोर फोटो काढून परततात. तिथे दान देणाऱ्यांनी आपली नावे लिहून ठेवली आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही.

ज्यांना दार बंद होते

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रिन्सेप आणि ऱ्हीस डेव्हिड्स यांना शिकवायला पंडित आणि भिक्खू हजर होते. साहेबाला नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. आपल्या लोकांची कथा वेगळी आहे.

बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते घेऊ दिले गेले नाही आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. ही सल त्यांच्या मनातून गेली नाही. १९२१ साली लंडनला शिकत असतानाच त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवले, आणि तिथे त्यांनी मांडलेल्या विषयांत संस्कृत होते. लंडनच्या प्रबंधामुळे ते शिक्षण पुरे झाले नाही. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी सरळ सांगून टाकले आहे की संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही, पण पंधरा वर्षे भाषांतरांतून हे वाङ्मय अभ्यासले आहे आणि त्यावर बोलायला तेवढे पुरे. आम्हाला हा प्रांजळपणा फार मोठा वाटतो. चार श्लोक पाठ करून पंडित म्हणून मिरवणारे आपण रोज पाहतो.

पालीच्या बाबतीत मात्र त्यांनी भाषांतरावर समाधान मानले नाही. मागे कामाचे डोंगर आणि अंगात दुखणे असताना या माणसाने पालीचे व्याकरण आणि पालीचा शब्दकोश लिहायला घेतला. कोशाचा एक भाग पाली-इंग्रजी, दुसऱ्यात पालीसमोर इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थ. त्यांच्या हयातीत हे काही छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. त्यातला सोळावा खंड १९९८ साली निघाला, तो हा. ज्यांच्या घरी हे खंड कपाटात काचेआड आहेत, त्यांनी सोळावा एकदा बाहेर काढून पाहावा. आम्ही पाहिलेल्या बहुतेक घरांत त्याचीच पाने सगळ्यांत कोरी असतात.

नागपूरच्या कुमुद पावडे यांचे नाव या वाचकांना नवे नाही. दलित घरातली मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. होते, याचे कौतुक झाले, भाषणे झाली, पण नोकरी मिळेना. 'अंतःस्फोट' या १९८१ सालच्या पुस्तकात त्यांनी ही हकिकत लिहिली आहे. लग्नापूर्वीच्या सोमकुवर या आडनावाला जी नोकरी मिळाली नाही, ती आंतरजातीय लग्नानंतर पावडे या आडनावाला मिळाली. संस्कृत तेच, बाई त्याच. पुढे त्या अमरावतीला संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या. २०२३ साली त्या गेल्या. संस्कृत ही त्यांची भाषा, आपल्याला नको, असे म्हणणारे बांधव आपल्यात आहेत. त्यांना आम्ही पावडेबाईंचे नाव सांगतो, आणि हेही सांगतो की जातिभेदावर कोरडे ओढणारी 'वज्रसूची' संस्कृतातच आहे. ज्याच्याशी वाद घालायचा त्याची भाषा आपल्याला आली तर बिघडले कोठे?

कोसंबी आणि आपण

वय वाढल्यावर पाली शिकणाऱ्या मराठी माणसांत धर्मानंद कोसंबींचे नाव पहिले घ्यावे लागते. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा बेताची. मासिकात बुद्धाची माहिती वाचली आणि ध्यास घेतला. १८९९ साली घर सोडले ते पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत केले. मग नेपाळ, बोधगया, आणि १९०२ साली श्रीलंका. तिथे कोलंबोला विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांजवळ पाली. परत आल्यावर कलकत्त्यात शिकवू लागले. तिथली चांगल्या पगाराची जागा सोडून ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा ५० रुपयांवर महाराष्ट्रात येऊन राहिले, का तर मराठी लोकांना बुद्ध कळला पाहिजे. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली, हार्वर्डला 'विसुद्धिमग्गा'चे काम केले, मराठीत 'भगवान बुद्ध' लिहिले.

हे सारे थोर आहे. तरीपण कोसंबींचा आदर्श जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवू नये, असे आमचे मत आहे. त्यांनी घर सोडले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. आपल्या वर्गातल्या गवंड्याने पालीसाठी घर सोडले तर त्याच्या घरची चूल दुसऱ्या दिवशी पेटणार नाही. आपल्याला घरात राहून, मुलांच्या फिया भरून, सासूबाईंचे औषधपाणी करून ही भाषा शिकायची आहे. ते जमते का, एवढाच खरा प्रश्न.

चिं. वि. जोशींचे नाव घेतले की लोकांना चिमणराव आठवतो, दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आठवतात. हे चिं. वि. बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते आणि पाली शिकणाऱ्यांसाठी त्यांनी इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पाली शिकणारा माणूस तोंड लांब करून बसलाच पाहिजे असे नाही, एवढे यावरून सिद्ध व्हावे.

भात, भत्ता आणि वेतन

तर, जमते का? आमच्या अनुभवाने सांगतो, मराठी माणसाला जमते.

संस्कृतात वचने तीन, पालीत दोनच. पालीत ऋ नाही, ऐ-औ नाहीत, विसर्ग नाही, तीन 'स' ऐवजी एकच 'स'. जोडाक्षरे जिभेवर सोपी होऊन आलेली. आणि त्यातून मराठीकडे जायची वाट सरळ दिसते. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. दुग्ध, दुद्ध, दूध. सप्त, सत्त, सात. अद्य, अज्ज, आज. फळ्यावर असे तीन रकाने आखले की वर्गातले लोक मधला रकाना आपणच भरू लागतात. 'घरे' म्हणजे घरात, 'गामे' म्हणजे गावात, आणि आपण आजही 'घरी', 'गावी' म्हणतोच. आपला 'ळ' सुद्धा पालीत आहे. ऋग्वेदात तो होता, नंतरच्या संस्कृतातून गेला, हिंदीवाल्यांना तो म्हणता येत नाही. पालीत तो आहे आणि मराठीत आहे. शेजारच्या तेलुगूतही आहे. आमच्या सीमेवरच्या गावांतली तेलुगू बोलणारी मंडळी वर्गात आली तर त्यांची जीभ कुठे अडत नाही.

पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलात सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत, तशी आपल्याकडे ती देवनागरीत. भिक्खू जगदीश काश्यप यांनी १९५६ ते १९६१ या काळात नालंदेहून सबंध तिपिटक देवनागरीत ४१ खंडांत काढले. इगतपुरीच्या विपश्यना संस्थेनेही देवनागरीत काढले, आणि आज ते मोबाईलवर फुकट वाचता येते. एके काळी ज्याच्यासाठी कोसंबींना समुद्र ओलांडावा लागला, ते आता वाहकाच्या खिशात असते.

अवघड नाही असे मात्र कोणी म्हणू नये. भूतकाळाची रूपे पाठ करताना आमच्या नाकी नऊ आले. समास लांब असला की कुठे तोडावा कळत नाही. भदन्त आनंद कौसल्यायन यांचे ३१ दिवसांत पाली शिकवणारे हिंदी पुस्तक आहे. पुस्तक उत्तम, पण मार्च एंडच्या काळात कारकुनाने ते हाती घेऊ नये. आमचे एकतीस दिवस वर्षभर पुरले. दिवसभराच्या कामानंतर नवे काही डोक्यात शिरत नाही, म्हणून नवे पहाटे वीस मिनिटे आणि संध्याकाळी फक्त उजळणी, असा क्रम आम्ही ठेवला. विभक्तीचे तक्ते आम्हाला खतावणीसारखे वाटतात, रकाना चुकला की बेरीज जमत नाही. वाहकबंधू रूपांची चिठ्ठी खिशात ठेवतात आणि गाडी थांब्यावर उभी असेल तेव्हा पाठ करतात. वर्गात सगळ्यांत पुढे कोण, तर अंगणवाडीताई. वंदना त्यांना आधीच पाठ आहे. आम्हाला शब्द पाठ करावे लागतात, त्यांना फक्त अर्थ जोडावा लागतो.

ज्या दिवशी वर्ग खऱ्या अर्थाने जागा झाला, तो दिवस दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्ताचा. गृहस्थाने कोणाशी कसे वागावे ते बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला सांगितले आहे. त्यात मालकाने कामकऱ्यांशी कसे वागावे, तेही येते. त्यांच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले खायला झाले तर त्यात वाटा द्यावा, वेळेवर सुटी द्यावी. आणि एक शब्द येतो, 'भत्तवेतन'. आम्ही कोश काढायच्या आधीच निवृत्त शिपाईमामा ओरडले, "अरे, हे तर भत्ता आणि वेतन!" भत्त म्हणजे शिजवलेले अन्न, आपला भात. त्यातूनच आपला भत्ता. कामकऱ्याचे पोट आणि त्याची मजुरी, दोन्ही मालकाने दिले पाहिजे, असे तिथे सांगितले आहे. ज्या माणसाने उभी हयात महागाई भत्त्याची थकबाकी मोजली, त्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशात तो शब्द भेटला. गवंडीबंधूंनी तेवढ्यात विचारले, "ठेकेदाराला पाली येते का?" मराठी अर्थ आम्ही पूर्वी वाचलेला होताच, पण त्यात 'अन्न व मजुरी' असे काहीसे होते. अंगावर आला तो मूळ शब्द.

पदरात काय पडते

नोकरीच्या दृष्टीने विचाराल तर फार आशा दाखवता येत नाही. नागरी सेवा मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांत पाली होती. २०१३ साली ती यादीतून काढण्यात आली. आपली अनेक मुले तो विषय घेत असत, त्यांची ती वाट बंद झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांच्यासोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीसाठी पेढे वाटले गेले. पालीसाठी आमच्या भागात कोणी साखरही वाटली नाही. परीक्षेतून काढायचे आणि पाटावर बसवायचे, याचा मेळ कसा घालावा हे आमच्या कारकुनी बुद्धीला कळत नाही. दर्जा दिलाच आहे तर तालुक्याच्या कॉलेजात पाली शिकवणारा एक माणूस तरी द्या, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. बारावीला पाली विषय घेता येतो, हे आपल्या कितीतरी पालकांना ठाऊकच नाही. नागपूर, पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत पालीचे शिक्षण आहे, पण बिलोलीच्या मजुराच्या मुलाला तिथवर जायचे म्हणजे आधी खोलीभाड्याचा विचार करावा लागतो.

या शिक्षणात एक धोकाही आम्हाला दिसतो आणि तो झाकून ठेवू नये. दोन वर्षे पाली केली की माणूस इतरांचे उच्चार दुरुस्त करू लागतो. एका लग्नात अशाच एका अर्धवट शिकलेल्याने म्हाताऱ्या आजीला सर्वांदेखत थांबवले. आजी पुन्हा बोलल्या नाहीत. पाली शिकून हेच करायचे असेल तर जुने भटजी काय वाईट होते? विनयपिटकात, चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण घरांतून आलेले दोन भिक्खू तक्रार करतात की नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवतात, ते वेदाच्या धाटणीच्या भाषेत बांधू द्या. बुद्धांनी त्यांना फटकारले आणि ज्याने त्याने आपल्या बोलीत शिकावे असे सांगितले. त्या वचनाचा अर्थ कसा लावावा यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण फटकारले कोणाला, याबद्दल मतभेद नाहीत. तेव्हा पाली न येणारा बौद्ध कमी प्रतीचा, असे आमच्या वर्गात कोणी म्हणालेच, तर त्याला त्या दिवशी सगळ्यांचा चहा करावा लागतो. असा चहा आम्ही तीनदा प्यालो आहोत.

सध्या वर्ग सप्तमीपर्यंत आला आहे. नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांसाठी आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करणार आहोत, मंगळवारी आणि शुक्रवारी, रात्री साडेआठनंतर. मायभगिनींनी लेकरे सोबत आणली तरी चालतील. दोनशे पानी वही आणि पेन आणावे. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो घरी विसरू नये, विहारातली ट्यूब हल्ली फार मिणमिणते.